‘बेड शिल्लक नाही’: एक जखमी मजूर, सात सरकारी दवाखाने आणि जबाबदारीचा प्रश्न

पार्श्वभूमी

कोलकात्याच्या दक्षिणेला, सुंदरबनकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मथुरापूर स्टेशन आहे. आजूबाजूला भातशेती, आणि त्या शेतीवर मजुरी करणारी माणसं. ८ जुलै १९९२ रोजी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास या स्टेशनवर एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला आणि आत रक्तस्राव सुरू झाला. त्याचं नाव सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. इथे त्याला नुसतं ‘मजूर’ म्हणू.

हा मजूर पश्चिम बंग खेतमजूर समितीचा सभासद होता. ही शेतमजुरांची संघटना. ती पाठीशी नसती तर हे प्रकरण घडलं असतंच, पण कागदावर कधी आलं नसतं. सरकारी दवाखान्यातून परत पाठवलेल्या माणसाची नोंद बहुतेक वेळा कुठेच राहत नाही. दाखल करून घेतलेल्याची फाइल होते, परत पाठवलेल्याची होत नाही.

त्या रात्री काय झालं

मजुराला आधी मथुरापूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथे अशा रुग्णासाठी काहीच सोय नव्हती. केंद्राच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: डायमंड हार्बरच्या उपविभागीय रुग्णालयात किंवा अधिक सोयी असलेल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात न्या.

‘कुठल्याही’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्यातून सुरू होतो.

सोबतच्या माणसांनी थेट कोलकाता गाठलं. रात्री पावणेबाराच्या सुमारास ते सियालदह स्टेशनला लागून असलेल्या नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज रुग्णालयात पोहोचले. अपघात विभागातल्या डॉक्टरांनी तपासलं, कवटीचे दोन एक्स-रे काढले आणि तातडीने दाखल करण्याची शिफारस केली. पण आपत्कालीन शस्त्रक्रिया वॉर्डात बेड नव्हता आणि नेहमीचा शस्त्रक्रिया वॉर्डही भरलेला होता. तातडीने दाखल करा, असं लिहिणारा कागद आणि दुसरीकडे न्या, असं सांगणारा कागद एकाच खिडकीतून बाहेर आला.

तिथून कलकत्ता मेडिकल कॉलेज: बेड नाही. तिथून शंभुनाथ पंडित रुग्णालय: इथे कान-नाक-घसा किंवा मेंदूच्या आजारांचा आपत्कालीन विभाग नाही, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या. मग कलकत्ता नॅशनल मेडिकल कॉलेज: बेड नाही. एव्हाना रात्र सरली. सकाळी आठच्या सुमारास बांगूर इन्स्टिट्यूट ऑफ न्यूरॉलॉजी. तिथे १,३१० रुपये भरून सीटी स्कॅन झाला. डोक्याच्या पुढच्या भागात रक्तस्राव असल्याचं त्यात दिसलं. रुग्ण तातडीचा आहे हे आता यंत्राने सांगितलं होतं, तरी त्याला तिथे दाखल करून घेता येणार नाही असं उत्तर मिळालं. शेवटी एसएसकेएम रुग्णालय. तिथे मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नाही.

एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि सहा सरकारी रुग्णालयं. त्यानंतर मजुराला एका खासगी रुग्णालयात दाखल केलं. तिथे २२ जुलैपर्यंत उपचार झाले आणि तो वाचला. खर्च सुमारे १७,००० रुपये. १९९२ सालातले.

अडचण नेमकी कुठे होती

हे वाचून पहिला राग येतो तो डॉक्टरांवर. मलाही आला होता. पण निकालपत्र सावकाश वाचलं की वेगळंच चित्र दिसायला लागतं. त्या रात्री ज्या ज्या माणसाने ‘नाही’ म्हटलं, त्याच्याकडे सांगण्यासारखं एक खरं कारण होतं. आरोग्य केंद्रात सोय खरोखरच नव्हती. वॉर्ड खरोखर भरलेले होते. शंभुनाथ पंडितमध्ये तो विभाग खरोखर नव्हता. रात्रपाळीच्या डॉक्टरने उद्या खुलासा लिहायचा म्हटलं तर त्याच्या कागदात काही खोट निघाली नसती.

खोट होती ती दोन दवाखान्यांच्या मधल्या रस्त्यावर. मजूर एका दारातून निघाला की पहिल्या रुग्णालयाची जबाबदारी संपायची आणि दुसऱ्या दारात घेतलं जाईपर्यंत कुणाचीच सुरू व्हायची नाही. बेड कुठे आहे हे फोन करून विचारणं कुणाच्या कामात लिहिलेलं नव्हतं. ते काम एका बेशुद्धीच्या काठावरच्या माणसाच्या सोबत्यांनी रात्रभर शहरभर फिरून केलं.

आपल्याकडे ‘वर न्या’ किंवा ‘जिल्ह्याला न्या’ हे शब्द खेड्यातल्या प्रत्येक घराने कधी ना कधी ऐकलेले असतात. आपल्या व्यवस्थेची तर ठेवणच अशी की प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखाली, आणि ग्रामीण रुग्णालय राज्याचं, म्हणजे जिल्हा शल्य चिकित्सकाच्या हाताखाली. चिठ्ठी एका साहेबाच्या हद्दीतून दुसऱ्या साहेबाच्या हद्दीत जाते. मधल्या वीस-तीस किलोमीटरचा साहेब कोण, हे विचारलं तर खोलीत शांतता पसरते.

संघटनेपुढचे मार्ग

मजूर घरी आला. आता संघटनेपुढे पहिला निर्णय होता: भांडायचं कुणाशी आणि कुठल्या दारात?

एक मार्ग डॉक्टरांविरुद्ध निष्काळजीपणाची तक्रार करण्याचा. त्यात निष्काळजी कोण ते बोट दाखवून सांगावं लागलं असतं. सहा रुग्णालयांतले सहा डॉक्टर, प्रत्येकाकडे ‘वॉर्ड भरलेला’ किंवा ‘सोय नाही’ हे उत्तर, आणि शिवाय तपासून दाखल करायची शिफारस करणाराच पहिला आरोपी झाला असता. दुसरा मार्ग दिवाणी दाव्याचा. तिथे वर्षांमागून वर्षं जातात, आणि सरकार आपल्या सार्वभौम कामासाठी भरपाई देणं लागत नाही हा जुना बचाव आडवा येतो. तिसरा ग्राहक मंचाचा. डॉक्टरांची सेवा त्या कायद्यात बसते का, हा वादच तेव्हा मिटलेला नव्हता. तो नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिटवला, आणि सगळ्यांना सरसकट मोफत सेवा देणारी रुग्णालयं कायद्याच्या बाहेर ठेवली. म्हणजे सरकारी दवाखान्यात जाणारा गरीब ‘ग्राहक’ ठरलाच नाही.

चौथा मार्ग राज्यघटनेचा: अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे मूलभूत हक्काचा भंग झाला म्हणून मागितलेली दाद. संघटनेने हाच धरला. संघटना आणि मजूर दोघेही अर्जदार झाले. युक्तिवाद असा की अनुच्छेद २१ मधला जीविताचा हक्क हा नुसता ‘मला मारू नका’ एवढाच नाही. जीव वाचवण्याची यंत्रणा सरकारने उभी केली असेल आणि ऐनवेळी ती दार लावून घेत असेल, तर तोही त्या हक्काचा भंग आहे.

या निवडीतलं शहाणपण मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यामुळे ‘कुठल्या डॉक्टरची चूक?’ हा प्रश्न बाजूला पडला आणि ‘बेड असण्याची व्यवस्था करणं कुणाचं काम?’ हा प्रश्न मध्ये आला. पहिल्याला सात उत्तरं होती. दुसऱ्याला एकच.

या निवडीची किंमतही होती. ८ जुलै १९९२ ला घडलेल्या गोष्टीचा निकाल ६ मे १९९६ ला लागला. जवळपास चार वर्षं. आणि रिटमध्ये साक्षीपुरावा बारकाईने तपासला जात नाही, त्यामुळे त्या रात्री कुणी काय केलं हे सांगणारा दुसरा कुणीतरी लागणार होता.

चौकशी समिती

तो दुसरा कुणीतरी राज्य सरकारनेच दिला. याचिका चालू असताना सरकारने कलकत्ता उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती लीलामय घोष यांची चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल ३१ मार्च १९९५ चा आहे.

सरकारला दुसरंही करता आलं असतं. प्रतिज्ञापत्रात ‘बेड नव्हते’ एवढं लिहून लढत राहता आलं असतं. बचाव तोच होता. किंवा मजुराला पैसे देऊन प्रकरण गुपचूप मिटवता आलं असतं. चौकशी नेमणं ही टाळाटाळीची जुनी सरकारी रीत असली, तरी या प्रकरणात त्यातून खरंच काहीतरी हाती लागलं. समितीने ‘बेड नाही’ हे उत्तर आहे तसं मान्य केलं नाही. तातडीच्या रुग्णाला ट्रॉलीवर किंवा जमिनीवर गादी टाकून का होईना, ठेवून घ्यायला हवं होतं, आणि तशी सोय बघणं हे रुग्णालयाच्या वरिष्ठांचं काम होतं, असा तिचा रोख होता.

समितीच्या शिफारशींमधल्या मोठ्या गोष्टी कुणालाही सुचतील अशा आहेत. आरोग्य केंद्राने रुग्णाला तपासावं आणि सोय असेल तेवढे उपचार करावेत. शहरातल्या रिकाम्या बेडची माहिती एका ठिकाणी मिळेल असं मध्यवर्ती केंद्र असावं.

मला मात्र तिचा अहवाल स्वीकारून राज्य सरकारने ऑगस्ट १९९५ मध्ये रुग्णालयांना दिलेल्या छोट्या सूचना जास्त आवडतात, कारण त्या कारकुनी आहेत. रुग्णाचं नाव, वय, पत्ता, आजार स्पष्ट लिहा. तपासणीची तारीख आणि वेळ लिहा. रुग्णाला दाखल केलं, हलवलं की दुसरीकडे पाठवलं, आणि कुठे, ते लिहा. रजिस्टर जपून ठेवण्याची जबाबदारी एका माणसावर टाका. ड्युटी लिस्टची प्रत, ऐनवेळच्या बदलांसकट, अधीक्षकांच्या कार्यालयात ठेवा. डॉक्टरने येण्याजाण्याच्या वेळेची सही करावी. आणि केस पेपरवर आपलं पूर्ण नाव वाचता येईल असं लिहून मगच सही करावी.

सरकारला हे लिहून सांगावं लागलं, यावरून चौकशी करताना काय काय सापडलं नसेल याचा अंदाज बांधता येतो. कोणत्या डॉक्टरने कोणत्या वेळी कोणाला परत पाठवलं हेच ज्या व्यवस्थेला सांगता येत नाही, तिथे जबाबदारी ठरवायची म्हणजे अंधारात दोरी शोधायची. आपल्याकडच्या केस पेपरवरचं ते झुरळ शाईत बुडून चालल्यासारखं अक्षर आठवा. विनोद म्हणून आपण ते सोडून देतो.

न्यायालयाने काय ठरवलं

न्या. एस. सी. अग्रवाल आणि न्या. जी. टी. नानावटी यांच्या पीठाने तीन गोष्टी ठरवल्या.

पहिली, सरकारी रुग्णालयाने गरजू माणसाला वेळेवर उपचार दिले नाहीत तर अनुच्छेद २१ खालच्या हक्काचा भंग होतो. दुसरी, हा भंग झाला असल्याने सरकारने भरपाई द्यायची: २५,००० रुपये. मूलभूत हक्काच्या भंगाला सार्वभौमत्वाचा बचाव चालत नाही, हे ओडिशातल्या एका कोठडीमृत्यूच्या प्रकरणात १९९३ सालीच ठरलं होतं. तोच धागा न्यायालयाने पोलीस कोठडीतून उचलून दवाखान्यात आणला.

तिसरी गोष्ट पैशांची. ती सगळ्यात लांब पल्ल्याची. अशा सोयींना पैसा लागतो हे न्यायालयाने मान्य केलं. पण पुरेशी वैद्यकीय सेवा देणं हे राज्याचं घटनात्मक कर्तव्य आहे आणि पैशांची चणचण सांगून ते टाळता येणार नाही, असंही सांगितलं. त्यासाठी आधार घेतला तो गरीब आरोपीला मोफत वकील देण्याच्या आधीच्या निकालांचा. वकील देण्यात ‘तिजोरीत पैसे नाहीत’ चालत नसेल, तर जीव वाचवण्यात कसं चालेल?

मग आदेश. प्राथमिक केंद्रांत रुग्णाला सावरण्याएवढी सोय हवी. जिल्हा आणि उपविभागीय रुग्णालयं गंभीर रुग्ण हाताळू शकतील अशी करावीत. बेडची माहिती देणारी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा हवी. साधनं आणि माणसं असलेल्या रुग्णवाहिका हव्यात. या सगळ्याचा कालबद्ध आराखडा करा. इतर राज्यं खटल्यात पक्षकार नव्हती, तरी त्यांनीही तशीच पावलं उचलावीत.

या शेवटच्या वाक्यामुळे हे प्रकरण महाराष्ट्राचंही झालं.

पुढे काय झालं

मजुराचा हिशेब आधी करू. खासगी रुग्णालयाचे सुमारे १७,००० आणि स्कॅनचे १,३१० वजा केले तर २५,००० मधून हातात सहा-सात हजार उरतात. सोबत्यांची बुडालेली मजुरी, ती रात्र आणि चार वर्षांचं थांबणं हे सगळं त्यात धरायचं.

कायद्याच्या बाजूने मात्र हा निकाल भारतातल्या आरोग्यहक्काच्या जवळजवळ प्रत्येक चर्चेचा पाया झाला. पण पैशांबद्दलचं त्यातलं ठाम वाक्य पुढे जरा सैल पडलं. पंजाब सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाच्या परताव्यावर १९९८ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने कुठल्याही राज्याची साधनं अमर्याद नसतात हे मान्य केलं आणि खर्चावर मर्यादा घालणारं धोरण टिकवलं. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर जे उरतं ते माझ्या समजुतीने असं: तातडीच्या उपचाराला पैशांचं कारण चालत नाही, परताव्याच्या दराला चालू शकतं. ही रेघ नेमकी कुठे ओढायची यावर वकील भांडत राहतात.

रुग्णवाहिकेचा भाग देशभर बऱ्यापैकी पुढे गेला. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. बेडच्या माहितीचा भाग मात्र रेंगाळला. १९९६ ला सांगितलेली मध्यवर्ती यंत्रणा बहुतेक शहरांतल्या लोकांनी पहिल्यांदा कोविडच्या काळात, वॉर रूमच्या रूपात पाहिली. मुंबईतल्या वॉर्डनिहाय वॉर रूमने दाखवून दिलं की हे जमतं. चोवीस वर्षं आणि एक महासाथ लागली.

आणि मग नांदेड. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संधीवर तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले. त्यात १२ नवजात बालकं होती. दुसरीकडून शेवटच्या टप्प्यात पाठवलेले रुग्ण इथे येतात, हे कारण तेव्हा दिलं गेलं. ते खोटं असेल असं मी म्हणत नाही. मथुरापूरच्या रात्रीतलं प्रत्येक कारणही खरंच होतं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली ती रिक्त पदं आणि औषधखरेदी यांचा जाब विचारण्यासाठी. म्हणजे इथेही प्रश्न डॉक्टरच्या खोलीतून निघून सचिवाच्या टेबलावर गेला.

काय वेगळं करता आलं असतं

आरोग्य केंद्राच्या पातळीवर: चिठ्ठीवर ‘कुठल्याही’ ऐवजी एका रुग्णालयाचं नाव आणि तिथे बोलणं झालेल्या माणसाचं नाव असतं तर बरंच वाचलं असतं. डायमंड हार्बर जवळ होतं. तिथे काय सोय आहे हे केंद्राला ठाऊक नसेल, तर तोच पहिला दोष.

पहिल्या रुग्णालयात: माझ्या मते हाच खरा निर्णयाचा क्षण. तपासणी झाली होती, एक्स-रे झाले होते, दाखल करण्याची शिफारस लिहून झाली होती. रात्रपाळीच्या कनिष्ठ डॉक्टरला वॉर्डात जागा निर्माण करण्याचा अधिकार नव्हता. ज्याला होता, तो वरिष्ठ त्या वेळी त्या खिडकीपाशी नव्हता. अधिकार आणि प्रसंग एका ठिकाणी नसणं हे मी तरी व्यक्तीच्या माथी मारणार नाही. तातडीच्या रुग्णाला नाही म्हणायचं असेल तर अधीक्षकांना उठवून त्यांच्याकडूनच ‘नाही’ घ्यायचं, एवढा एक नियम असता तरी मध्यरात्री बारा वाजता एक बेड सापडला असता, असं मला वाटतं. झोपेतून उठलेल्या अधीक्षकाला ‘नाही’ लिहून सही करणं जड जातं.

संघटनेच्या बाजूने: रिटचा मार्ग बरोबरच होता. पण भरपाईची मागणी आणि व्यवस्थेची मागणी एकाच याचिकेत बांधली गेली. भरपाईचा प्रश्न सुटला आणि त्याबरोबर याचिकाही निकाली निघाली. व्यवस्थेचा प्रश्न आदेशाच्या कागदावर राहिला.

न्यायालयाकडून: ‘कालबद्ध’ म्हटलं, पण तारीख घातली नाही. कुणी परत येऊन काय झालं ते सांगायचं, हेही ठरलं नाही. याच्या शेजारी मेळघाट ठेवून बघा. तिथल्या बालमृत्यूंवरच्या जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने वर्षानुवर्षं उघड्या ठेवल्या, अधिकाऱ्यांना पुन्हा पुन्हा बोलावलं. मेळघाटातले मृत्यू त्याने थांबले नाहीत, म्हणून हा रामबाण आहे असं कुणी म्हणू नये. पण किती पदं रिकामी, किती डॉक्टर रुजूच झाले नाहीत, हे आकडे दर तारखेला सरकारला स्वतःच्या सहीने द्यावे लागले. पश्चिम बंगालला आणि बाकीच्या राज्यांना ते कधीच द्यावे लागले नाहीत. १९९६ च्या निकालात फक्त एक ओळ जादा हवी होती: प्रत्येक राज्याच्या आरोग्य सचिवाने सहा महिन्यांनी अहवाल घेऊन यावं.

ती ओळ नसल्यामुळे पाठपुरावा करण्याचं काम पुन्हा रुग्णाच्या सोबत्यांकडे आलं. आता त्यांच्या हातात २००५ चा माहिती अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जात विचारता येतं: अमुक तारखेला रात्री बारा ते सकाळी आठ या वेळेत अपघात विभागाने किती रुग्ण दुसरीकडे पाठवले, कुठे पाठवले, आणि पाठवणाऱ्या डॉक्टरचं पूर्ण नाव काय. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ‘अशी नोंद ठेवली जात नाही’ असं उत्तर आलं, तर तो कागद जपून ठेवा. घोष समितीच्या अहवालानंतर १९९५ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने नेमकी हीच नोंद ठेवायला सांगितली होती.